शोधपंत
जुन्या संगणकप्रणालींची देखभाल करणाऱ्या कार्यालयांत जे नानाविध मनुष्यप्रकार नांदतात, त्यांपैकी शोधपंत या प्रकाराकडे अभ्यासकांचे आजवर दुर्लक्ष झाले आहे, आणि त्याचे कारण बहुधा असे की शोधपंत आपल्या कामाचा इतका भरघोस पुरावा दिवसभर पडद्यावर मांडून बसलेले असतात की त्यांच्याविषयी कुतूहल बाळगण्याचे कोणाला सुचतच नाही. शोधपंत म्हणजे असा प्रोग्रॅमर, ज्याने प्रणालीतील एकही फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली नसते, परंतु तिच्या लाखो ओळींत कोणता शब्द कोठे कोठे आला आहे हे जो चहाचा घोट गिळण्याच्या आत सांगू शकतो.

या प्रकाराच्या उत्पत्तीस परिस्थिती मोठ्या प्रमाणात जबाबदार आहे. पुण्यातील हिंजवडी किंवा खराडी येथील एखाद्या कंपनीकडे परदेशी बँकेची वा विमासंस्थेची प्रणाली ‘मेंटेनन्स’साठी येते, तेव्हा ती मुळात लिहिणारी मंडळी केव्हाच पांगलेली असतात, कागदपत्रे असलीच तर ती दोन आवृत्त्या मागची असतात, आणि ‘केटी’ या नावाने ओळखला जाणारा, जुन्या चमूने नव्या चमूच्या हाती ज्ञान सोपवण्याचा जो विधी असतो, त्यात सोपवणाऱ्याचे लक्ष पुढच्या नोकरीकडे आणि घेणाऱ्याचे घड्याळाकडे असते. अशा प्रणालीत एखादा एरर मेसेज झळकला, की तो जसाच्या तसा उचलून शोधचौकटीत चिकटवणे हाच शहाण्या माणसाचा मार्ग होय. इतर लोक या मार्गाने येऊन आपापल्या कामाला निघून जातात. शोधपंतांनी मात्र तेथेच बिऱ्हाड थाटलेले असते.

त्यांचे घराणे तसे कुलीन आहे. केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला ‘ग्रेप’ हा मजकूर शोधणारा प्रोग्रॅम 1973 पासून युनिक्समध्ये आहे, आणि व्हीएस कोड या आजच्या लोकप्रिय एडिटरमधील शोधामागे त्याच वळणाचा, अँड्र्यू गॅलंट यांनी रस्ट भाषेत लिहून 2016 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘रिपग्रेप’ राबत असतो. ग्रेप जुळणाऱ्या ओळी छापून मोकळा होत असे. पुढे आयडीई, म्हणजे कोड लिहिणे, चालवणे आणि तपासणे ही सर्व कामे एकाच ठिकाणी करू देणारी साधने आली, आणि त्या ओळींना पडद्याच्या तळाशी हक्काचा कप्पा मिळाला. शोधपंतांचे सारे आयुष्य या कप्प्यात जाते. त्याच्या वरची जागा, जेथे प्रत्यक्ष कोड दिसतो, ती त्यांच्या लेखी माळ्यासारखी असते.

एक्लिप्स या जावा प्रोग्रॅमरांच्या आवडत्या आयडीईत ‘स्टेटस’सारखा सामान्य शब्द शोधला, की प्रकल्प, फोल्डर, फाइल आणि ओळ अशा उतरंडीने शेकडो निकाल कप्प्यात येऊन पडतात. व्यवहारी माणूस अशा वेळी अधिक नेमका शब्द निवडतो, किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे शब्दाऐवजी त्याच्या घडणीचे वर्णन करणाऱ्या सूत्राचा आधार घेऊन पुन्हा शोधतो. शोधपंत निकाल निवडायला बसतात. कॉमेंटमधले निकाल उडवले जातात, टेस्टमधले उडवले जातात, आणि ज्यांच्याकडे पाहून कोणताच बोध होत नाही तेही, थोडा विचार केल्याचे दाखवून, उडवले जातात. या कामासाठी एक्लिप्सच्या पट्टीवर दोन बटणे आहेत. एका फुलीचे बटण निवडलेला निकाल काढते, दोन फुल्यांचे बटण सर्वच निकाल काढते, आणि ज्या कोणी ही दोन बटणे शेजारी शेजारी बसवली, त्याने मनुष्याच्या बोटांविषयी फार उदार कल्पना बाळगली असली पाहिजे. येथे हे स्पष्ट केले पाहिजे की काढलेला निकाल फक्त यादीतून जातो, मूळ फाइलला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे शोधपंतांच्या सकाळभरच्या श्रमांनी कोडमध्ये एका स्वल्पविरामाचाही फरक पडलेला नसतो. तोच शोध पुन्हा चालवणारे बटण चुकून दाबले गेले, तर हद्दपार केलेले सारे निकाल हसतमुखाने परततात. तरीही दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे उभ्याने करावयाच्या आणि म्हणूनच लांबणाऱ्या बैठकीत, “चारशेवरून साठवर आणलंय” असे शोधपंत सांगतात, आणि लीड समाधानाने मान हलवतो, कारण आकडा खाली येणे ही व्यवस्थापनशास्त्रात प्रगतीच असते.

आयडीईला कोडचा अर्थ कळतो, या दाव्यावर शोधपंतांचा विश्वास नाही, आणि या एका बाबतीत त्यांची बाजू भक्कम आहे. जावामधील एखाद्या मेथडवर कर्सर ठेवून तिचे ‘रेफरन्सेस’ मागितले, तर आयडीई भाषेचे नियम लावून फक्त खरे वापर दाखवते; परंतु जुन्या प्रणालींत वर्गांची आणि मेथडची नावे एक्सएमएल फाइलींत, जेएसपी पानांत आणि डेटाबेसच्या तक्त्यांत निव्वळ अक्षरे म्हणूनही पडलेली असतात, आणि तेथपर्यंत हा अर्थबोध पोहोचेलच असे नाही. एक्सएमएल आणि जेएसपीमधली अक्षरे साधा मजकूर-शोध धुंडाळतो, हे पंत दर आठवड्याला एकदा तरी सिद्ध करून दाखवतात. जे नाव चालू प्रोग्रॅममध्ये दोन तुकडे जोडून तयार होते, ते मात्र अखंड रूपात कोठेच लिहिलेले नसते. त्याचा विषय निघाला, की पंतांना एकाएकी महत्त्वाचा फोन येतो.

“कुठेच वापरलेलं नाही, उडवून टाका” हा त्यांचा निर्वाळा कार्यालयात प्रमाण मानला जातो. व्हीएस कोडमधील शोध मूलतः ‘गिटइग्नोर’ या फाइलीत नोंदवलेल्या फोल्डरांना वगळतो, तसेच बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचे नोड मॉड्यूल्स हे फोल्डरही वगळतो. ही सोय उत्तम आहे, फक्त ती चालू आहे हे लक्षात ठेवावे लागते. शुक्रवारच्या रिलीजनंतर जेव्हा तो ‘कुठेच नसलेला’ शब्द वगळलेल्या फोल्डरात सापडतो, तेव्हा शोधपंत अजिबात विचलित होत नाहीत. ते म्हणतात, “शोधात नव्हता.” विधान म्हणून हे निर्दोष आहे.

त्यांच्या ज्ञानाचे खरे स्वरूप नवख्या मंडळींच्या प्रश्नांतून उघड होते. कॉलेजातून नुकतीच आलेली एखादी मुलगी विचारते, “सर, हे व्याज नक्की कुठे काढलं जातं?” आणि तिचे वाक्य पुरे होण्याआधी पंतांनी चौदा जागा दाखवलेल्या असतात. “पण यातली खरी कुठली?” या पुढच्या प्रश्नावर पंत तिच्याकडे किंचित दुखावल्यासारखे पाहतात आणि म्हणतात, “ते आता डीबग करून बघ.” ती दोन दिवस बसून तेराव्या जागी पोहोचते. पुढच्या वेळी कोणी तोच प्रश्न विचारला, की पंत पुन्हा चौदा जागा दाखवतात, कारण तेरावी कोणती हे त्यांनी ऐकलेले असले तरी शोधलेले नसते.

यथावकाश शोधपंतही नोकरी बदलतात आणि त्यांच्यावरही केटी देण्याची पाळी येते. त्या वेळी ते एक मजकुराची फाइल नव्या चमूच्या स्वाधीन करतात, जिच्यात वर्षानुवर्षे कामी आलेले सारे शोधशब्द, एरर मेसेज आणि सूत्रे ओळीने लिहिलेली असतात. ही फाइल हाताशी असावी म्हणून त्यांनी ती प्रकल्पाच्याच फोल्डरात ठेवलेली असते, आणि यादीत वर राहावी म्हणून तिच्या नावाला आरंभी दोन ‘ए’ जोडलेले असतात. परिणामी नव्या चमूतील कोणीही काहीही शोधले, तरी पहिला निकाल त्या फाइलीतला येतो. ती काढून टाकावी असा विचार अधूनमधून होतो. परंतु एवढ्या जागी आढळणारी फाइल कशाला तरी लागतच असणार, असा रास्त तर्क करून लीड ती तशीच राहू देतो.