नळ आहे, पाण्याचं काय?

लोहारा यवतमाळला चिकटलेलं. एमआयडीसी इथलीच, नगरपरिषदेची हद्दही आता इथवर आली. पण 2018 साली केंद्राने राहण्यायोग्य 111 शहरांची क्रमवारी लावली, पुण्याला पहिला नंबर दिला, त्या यादीत यवतमाळचं नावच नव्हतं. मोजलंच नाही, तर नंबर कुठून येणार?

बरं, घराघरातली गरिबी तरी नीट मोजतात का?

नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकाला 12 निकष आहेत. त्यात पाणी आहे. चांगल्या स्रोताचं पाणी घरात, किंवा जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत मिळतं का, एवढं बघतात. घरात नळ आहे? मग पाण्याची वंचना नाही.

नळाला पाणी कधी येतं?

तो रकानाच नाही.

2018 च्याच उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली. यवतमाळकरांनी आठवडेच्या आठवडे नळाची वाट पाहिली. दारात निळे ड्रम, टँकरमागे धावणारी पोरं, पाणी येणार म्हणून मजुरी बुडवून घरी थांबलेली बाई. तिची बुडालेली रोजी कोणत्या निकषात बसते? कोणत्याच नाही. नळ मात्र मोजला गेला.

दुसरा निकष बँक खात्याचा. जनधन आल्यावर खातं घरोघरी झालं, चांगलंच झालं. पण खात्यावर कर्ज किती, सावकाराचं किती, व्याज कुठल्या दराने?

विचारतच नाहीत.

आणि हे यवतमाळ जिल्ह्यात! शेतकरी आत्महत्यांवर 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने अहवाल दिला. 2006 साली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने दिला. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कर्ज हे दुखणं सगळ्यांना दिसलं होतं. गरिबीच्या मापातून तेच गळलं. सायकल आणि मोबाइल असलेलं घर मालमत्तेच्या निकषावर पास होतं. त्या घराचा सातबारा गहाण आहे का, याच्याशी मापाला देणंघेणं नाही.

निर्देशांक टाकाऊ आहे, असं माझं म्हणणं नाही. पोरांची शाळा, शौचालय, गरोदर बाईची तपासणी मोजायलाच हवी. पण देशभर एकच फूटपट्टी लावली की यवतमाळचं दुखणं नेमकं तिच्या बाहेर राहतं.

जिल्हा नियोजन समितीने मनात आणलं तर तीन प्रश्न वाढवणं अवघड नाही. पाणी किती दिवसांनी येतं? व्याज किती भरता? दवाखान्याचं बिल कुठून फेडलं?

आणि भरलेला आकडा मुंबई-दिल्लीला पाठवण्याआधी लोहाऱ्यात चारचौघांत वाचून दाखवा. चुकला असेल, तर बाया तिथल्या तिथे दुरुस्त करून देतील.