तीन ताऱ्यांची नीतिमत्ता

मुंबईत नीतिमत्ता हॉटेलच्या ताऱ्यांवर मोजतात, हे कोणा टवाळाचं म्हणणं नव्हे. तसा कायदाच होता. २००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने डान्सबारवर बंदी आली, तरुण पिढी बिघडते म्हणून. पण लगेच पुढच्या कलमाने तीन आणि त्याहून अधिक ताऱ्यांच्या हॉटेलांना, सभासदांच्या जिमखान्यांना सूट दिली. म्हणजे पनवेलच्या बारमधला नाच समाज पोखरतो आणि जुहूच्या लाउंजमधला पर्यटन वाढवतो! बंदीवाले म्हणतात, बारमध्ये गरीब बायकांचं शोषण होत होतं. असेल, नव्हे, बऱ्याच ठिकाणी होतंच. पण मग हात शोषण करणाऱ्यावर पडायला हवा होता. पडला तो बायकांच्या रोजीरोटीवर, आणि त्यांनी पुढे काय करावं याबद्दल कलमं गप्प. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तेव्हा सरकारने २०१४ मध्ये सूटच काढून बंदी सरसकट केली. झाली समता! फक्त उंची लाउंजला तिची झळ बसली नाही, कारण तिथे डीजेच्या तालावर गिऱ्हाईक स्वतःच नाचतं, आणि त्यासाठी दारात पैसेही मोजतं.