विचारवंत ठरवणाऱ्या कार्यवाहांस

प्रति,
मा. कार्यवाहसाहेब, व्याख्यानमाला समिती, गडहिंग्लज



यंदाची पत्रिका मिळाली. वक्ते तुमच्याच विचारांचे, अध्यक्ष तुमचेच, आभार मानणारेही तुमचेच. खाली ‘खुली चर्चा’ छापलंय, ते वाचून अंमळ करमणूक झाली.

बैठकीत मी शेषराव मोरे यांचं नाव सुचवलं, तेव्हा चहाचा कप खाली न ठेवताच तुम्ही म्हणालात, “उजव्यांत विचारवंत असतात कुठं?” विषय संपला. ‘सावरकरांचा बुद्धिवाद आणि हिंदुत्ववाद’ लिहिणारे, 2015 च्या अंदमानातल्या विश्व साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले मोरे तुमच्या लेखी कोण, लेखनिक? आपल्या बाजारात व्यापारी मिरची मोडून, हुंगून, ठसका लागल्यावर बोली लावतो. तुम्ही पोतं न सोडताच भाव पाडलात.

वि. का. राजवाडे परंपरेचे कडवे अभिमानी. तरी त्यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ला प्रस्तावना लिहिली कॉम्रेड डांग्यांनी. डांग्यांना तुमच्या समितीचा सल्ला मिळाला नव्हता, बिचारे फसले.

तुमच्याकडे टिळकांचा अर्ज तर छाननीतच बाद झाला असता! 1891 ला संमतिवयाच्या कायद्याला विरोध, पुढे वेदोक्त प्रकरणात शाहू महाराजांच्या विरुद्ध. दोन्हीकडे टिळक चुकले असंच माझं मत. पण आगरकरांच्या लेखणीला धार चढली ती समोर टिळक होते म्हणून. तुमच्या वक्त्यांसमोर कोण असतं? टाळ्या वाजवणारे आम्ही.

2015 ला कोल्हापुरात पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हापासून उजव्यांच्या बाबतीत तुम्ही जपून असता. ते कळतं. पण गोळी घालणारा आणि ग्रंथ लिहिणारा एकाच यादीत घातलात, तर फुकटची प्रतिष्ठा मिळते ती गोळी घालणाऱ्याला.

उजवीकडच्यांनीही तुमचं काम सोपं केलंय म्हणा. रीलवर इतिहासाच्या नावानं ओरडणाऱ्याला ते फेटा बांधतात आणि मोऱ्यांचं पुस्तक कपाटात ठेवतात. असला ओरडणारा आणा, असं माझं म्हणणं नाही. अभ्यास करून आपल्याला अडचणीत आणणारा आणा.

पुढच्या वर्षी एक दिवस द्या. अध्यक्षस्थानी तुम्हीच बसा. प्रश्न विचारायला पहिला मी उभा राहीन, आणि वाकडेच विचारीन. फक्त पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत माइक बंद पडणार नाही, एवढं बघा.

वर्गणी सोबत पाठवली आहे. वर्गणीदारांच्या यादीत तरी डावं-उजवं करत नाही, याबद्दल आभार.

आपला,
एक वर्गणीदार