गाडी विकली नाही, बाबा

व्हिएन्ना, 19 जुलै

तीर्थरूप आई-बाबा,


आधी खुलासा. आम्ही गाडी विकलेली नाही. तुमच्या जावयांची नोकरीही शाबूत आहे. परवा आमचा सायकलवरचा फोटो पाहून बाबांनी विचारलं, "काहून वं बेबी, पेट्रोल लय महाग झालं का तिकडे?" तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. फोनवर सांगितलं असतं, पण आई दर दोन मिनिटांनी "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो. शिवाय शेजारच्या काकूंना वाचून दाखवायला कागद बरा.

तर आम्ही दोघं जर्मनीतल्या पासाउपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाकाठानं सायकलवर आलो. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, सात दिवसांत. कोणी मागे लागलं नव्हतं. इथे लोक रजा टाकून, पैसे मोजून, हौसेनं घाम गाळतात. तुमच्या जावयांना तीच लागण झाली आहे.

तयारी दोन महिने चालली होती. एक चड्डी आणली, तिला आतून गादी शिवलेली. किंमत सांगत नाही. आई, तेवढ्या पैशात मालेगावात खरी गादी भरून मिळेल. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी फुगलेल्या पिशव्या. दूध घेऊन डेअरीवर निघाल्यासारखे दिसत होतो.

म्युनिकहून सायकली रेल्वेत घातल्या आणि पासाउला उतरलो. तिथे तीन नद्यांचा संगम आहे. इन हिरवट, इल्झ काळपट आणि डॅन्यूब तिसऱ्याच रंगाची; पुढे थोडं अंतर त्या एकमेकींत मिसळायला तयारच होत नाहीत. आई, तुझ्या वतीनं पाय बुडवले आणि एक नाणं टाकलं. जावई म्हणाले, "इथे असं करत नाहीत." मग मी आणखी एक टाकलं.

रस्ता सपाट आहे, आणि त्याचं कारण बाबांना आवडेल. पूर्वी नावा प्रवाहाबरोबर खाली जायच्या, पण वर आणताना त्या काठावरून घोडे ओढत न्यायचे. घोड्यांची ती वाट आता बऱ्याच ठिकाणी सायकलवाल्यांना मिळाली आहे. जावयांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच एवढी दमछाक होतेय, घोड्याचं काम आहे."

दमायला कारण होतंच. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई बॅटरीच्या सायकलींवरून येतात, घंटी वाजवतात, "ग्र्यूस गोट" म्हणतात आणि पुढे निघून जातात. देवाचं नाव घेऊन नमस्कार करायचा, आपल्या राम रामसारखा. पहिल्या दिवशी जावयांनी एका आजींना गाठायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी रामराम स्वीकारला.

श्ल्योगेनजवळ नदी चक्क माघारी वळते, डोंगराला वळसा घालते आणि पुन्हा आपल्या दिशेला लागते. तिथे सायकलींसकट लहान होडीतून पलीकडे जाता येतं. वाटेवर सगळीकडे हिरव्या पाट्या आहेत, पण तुमचे जावई पाटीवर विश्वास ठेवत नाहीत, फोनवर ठेवतात. फोननं आम्हाला मक्याच्या शेतात नेऊन सोडलं. मका चांगला होता, बाबा. आपल्याकडे डवरणी झाली का?

माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा जावयांनी मला इतिहास ऐकवला. 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा 1928 साली सुमारे 71,000 किलोमीटर करून घरी परतले. मी म्हटलं, बाकीचे तिघे वाटेत शहाणे झाले असतील.

वाखाऊ नावाच्या खोऱ्यात जर्दाळूचा हंगाम चालू होता. तिथे अख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात भरून उकडतात. आई, मोदकच, पण कळ्या न पाडलेला. तू त्यांना पास केलं नसतंस. त्याच खोऱ्यात विलेनडॉर्फ आहे. तिथे 1908 साली दगडाची एक स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम अकरा सेंटिमीटरची, पण जवळपास तीस हजार वर्षांपूर्वीची. जावई माहितीचा फलक तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा माझ्या मागच्या चाकातून फुस्स झालं.

आता नीट ऐका. जावयांनी पंक्चर काढण्याचे चार व्हिडिओ पाहून ठेवले होते. तिथे नेटवर्क नव्हतं. मग मीच सायकल उलटी केली, ट्यूब काढली, डॅन्यूबमध्ये बुडवली आणि बुडबुडा शोधला. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे लगेच चकती न चिकटवता शंभरपर्यंत मोजलं. जावई हवा भरण्याच्या कामाला होते. आजूबाजूला चार जर्मन उभे राहिले. त्यांना वाटलं, भारतात मुलींना हे शाळेत शिकवतात.

तेव्हाच मला अकोल्याची ती फेरी आठवली. वाशीम वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. त्याआधी शाळेच्या कागदांसाठी बाबांना अकोला गाठावं लागे. एकदा एसटी बंद होती आणि सही तर हवी होती. बाबा, तुम्ही मालेगावहून मेडशी, पातूर करत सायकलनं अकोल्याला गेलात आणि त्याच रात्री परत आलात. येताना पातूरचा घाट, एकही गिअर नाही, चड्डी साधी. दारात आईनं एवढंच विचारलं, "सही झाली का?" त्या प्रवासाचा फोटो नाही. आमचे साडेचारशे आहेत.

रात्री जावयांना हे सांगितलं. ते बराच वेळ नकाशात तो घाट शोधत होते. सापडल्यावर त्याचा चढ पाहिला आणि फोन ठेवून दिला.

दिवाळीत येतोय. परसातली बाबांची सायकल भंगारवाल्याला देऊ नका. तिच्या दोन्ही ट्यूब बदलून ठेवा आणि ब्रेक बघून घ्या. जावयांना अकोल्याला जायचं आहे.

तुमची,
बेबी

ता. क. जेवलो.