न बसवलेल्या कठड्यांचा रस्ता

जुना रस्ता कॉम्प्युटरवर उभा करायचा म्हणजे बांधकाम थोडं आणि पाडापाडी फार. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ या गेमबरोबर मॅप एडिटर आयताच मिळतो आणि हौशी मंडळी त्यात आपापले रस्ते टाकत असतात. मी हौसेनं घेतला तो इंग्लंडमधला प्रेस्टनचा बायपास. तोही आजचा नाही, तर ५ डिसेंबर १९५८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी उद्घाटन केलं त्या दिवसाचा. ब्रिटनचा हा पहिला मोटरवे. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर, म्हणजे पुणेकराचं संध्याकाळी ऑफिसातून घरी यायचं अंतर.

एडिटरमध्ये मोटरवेचे तयार तुकडे असतात, पण ते सगळे आजचे. तीन-तीन लेन, लोखंडी कठडे, दिव्यांचे खांब, वेगमर्यादेचे फलक. प्रेस्टनला यातलं काही नव्हतं. जायला दोन लेन, यायला दोन, आणि मध्ये भलामोठा गवताचा पट्टा. पुढेमागे तिसरी लेन लागली तर जागा असावी म्हणून तो ठेवलेला होता. रस्ता लँकेशायरचे काउंटी सर्व्हेयर जेम्स ड्रेक यांच्या देखरेखीखाली झाला. रहदारी वाढायच्या आधी तिच्यासाठी जागा राखणारं सरकारी खातं मला गेममध्येही अद्भुतरम्य वाटतं. तेव्हा कठडे काढा, खांब काढा, फलक काढा. ताशी सत्तर मैलांची मर्यादा आली ती थेट डिसेंबर १९६५ मध्ये. तोवर मोटरवेवर ज्याची जेवढी गाडी तेवढा त्याचा वेग. शेजारचा इंजिनियरिंगचा मुलगा मागे उभं राहून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “काका, तुम्ही रस्ता बनवताय की गवत लावताय?”

त्याचं चूक नव्हतं. त्यातून आड येतं ते प्रमाण. या गेममध्ये ब्रिटनचा नकाशा १:१५ या प्रमाणात आहे. त्या हिशेबानं माझा ऐतिहासिक मोटरवे नऊशे मीटरसुद्धा भरत नाही. ट्रक चौथ्या-पाचव्या गिअरला येतो न येतो तोच इतिहास संपतो. म्हणून मी खऱ्या लांबीचा रस्ता घालतोय. कुंपण, उतार, पूल, पुन्हा कुंपण. आपण हे का करतोय, हा प्रश्न साधारण सातव्या किलोमीटरला पडतो. आठव्याला तो सुटत नाही, पण त्याची सवय होते.

सगळ्यात गोडी आहे ती फलकांत. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, ही मोटरवेची ओळख इथेच पहिल्यांदा आजमावली गेली. ती घडवली जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या जोडीनं. गावांची नावं सगळीच्या सगळी मोठ्या अक्षरांत न लिहिता पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान, हा त्यांचा आग्रह. वेगात जाताना माणूस अक्षरं जुळवत बसत नाही, शब्दाचा आकार ओळखतो. यावरून तेव्हा चांगलाच वाद झाला होता. पुढे चाचणीसाठी एका विमानतळावर माणसांना बसवलं आणि टपावर फलक बांधलेली गाडी त्यांच्या अंगावर चालवत आणली. फलक एका जागी आणि माणूस गाडीत, ही आपली नेहमीची रीत; तिथे उलटं. मी त्या अक्षरांची गोलाई पडद्यावर मोठी करून करून बघतो. ‘आर’च्या आणि ‘ई’च्या मधली फट किंचित चुकली तरी फलक नकली दिसतो.

पण खरं अडतं ते गाड्यांपाशी. गेममधली आपोआप चालणारी वाहनं अतिशय शहाणी आहेत. लेन सोडत नाहीत, मध्येच थांबत नाहीत. २ नोव्हेंबर १९५९ ला पुढचा मोटरवे, एम१, सुरू झाला तेव्हा माणसं अशी वागली नव्हती. नव्या रस्त्यावर गाडी दामटायची आणि रेडिएटर उकळला की साइडपट्टीवर बॉनेट उघडून उभं राहायचं. चुकून पुढे गेलो? मग वळवा मधल्या गवतावरून. उद्घाटन करणारे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स लोकांचा वेग पाहून हबकले, असं म्हणतात. (ते स्वतः रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे संस्थापक. आपल्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.) हा गोंधळ प्रोग्रॅममध्ये कसा घालायचा? नमुन्यासाठी खंडाळ्याच्या घाटात कॅमेरा लावावा, असं त्या मुलाने सुचवलं. साल जुळत नाही, एरवी सूचना उत्तम होती.

आता राहिला शेवटचा भाग. उद्घाटनानंतर अवघ्या ४६ दिवसांत प्रेस्टनचा बायपास बंद करावा लागला. रस्त्याखाली पाणी मुरलं, कडाक्याची थंडी पडली, मग बर्फ वितळून पृष्ठभाग उखडला. काही आठवडे ब्रिटनचा पहिला मोटरवे दुरुस्तीखाली होता. प्रामाणिकपणा पाळायचा तर मॅपमध्ये हे यायलाच हवं. म्हणून एक आवृत्ती मी जानेवारी १९५९ ची केली आहे: टोकाला लाकडी आडवे बांबू, पलीकडे रिकामा रस्ता, आणि वळसा जुन्या रस्त्यानं, प्रेस्टनच्या भर बाजारातून. त्या मुलाला ती चालवायला दिली. माल पोचवायला त्याला उशीर झाला आणि खेळानं भाड्यातून पैसे कापले.

“काका, रस्ता तुमचा बंद, आणि दंड मला?”

मॅकमिलनसाहेबांकडे दाद माग म्हटलं.