पुरोगामी पक्षांच्या रणनीतीकार साहेबांना, चंदनसारहून



साहेब, ‘कामगार आपल्यापासून का दुरावला’ या विषयावर आपण पुन्हा चिंतन शिबिर घेणार असाल, तर ते शुक्रवारी दुपारीच ठेवा. एखादा कामगार चुकून आत शिरण्याची भीती राहत नाही.

आम्ही विरार पूर्वेचे. टँकर आला का हे पाहून शेअर रिक्षा पकडतो आणि विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलकी काढतो. त्यामुळे फॅसिझमवरचं आपलं भाषण ऐकायचं राहून गेलं, माफी असावी. संविधान आम्हालाही प्यारं आहे हो. 2024 च्या लोकसभेला महाराष्ट्रानं ते दाखवूनही दिलं. आपल्या आघाडीला 48 पैकी 30 जागा दिल्या. आपण त्या घेतल्यात आणि मुख्यमंत्री कोण यावर भांडत बसलात. समोरच्यांनी तोवर बायकांच्या खात्यात दीड हजार टाकायला सुरुवात केली. आपण तीन हजार कबूल केलेत, पण जाहीरनाम्यात. आमच्या चाळीतल्या बायकांना मोबाईलवर आलेला मेसेज जास्त खरा वाटला. त्या विकल्या गेल्या असं आपले काही विद्वान म्हणाले. दीड हजारात महिन्याचा गॅस आणि पोराची वह्या-पुस्तकं बसवून दाखवा, मग बोलू.

गंमत पाहा. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला इथल्या स्थानिक पक्षाची वर्षानुवर्षांची ‘शिट्टी’ वसई, नालासोपारा, बोईसर तिन्हीकडे थांबली. तिन्ही जागा गेल्या महायुतीकडे. लोक बदल मागत होते, फक्त आपला पत्ता कुणाला ठाऊक नव्हता.

तो एकेकाळी ठाऊक होता. नगरसेविका झालेल्या मृणालताई गोरे गोरेगावात पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोकांनी त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ ठेवलं. 1972 मध्ये महागाईविरुद्ध त्यांनी अहिल्याताई रांगणेकरांसोबत बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणलं. एक समाजवादी, दुसऱ्या मार्क्सवादी. पण रॉकेल नि तेलाच्या भावावर दोघींचं एकमत व्हायला शिबिर लागलं नाही. मृणालताई 2012 मध्ये गेल्या त्याही आमच्या वसईतच. आपण आदरांजली फार सुरेख वाहता.

आता थट्टा पुरे. 26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्री, उद्या गणपती बसणार म्हणून गल्ल्या जाग्या असताना, आमच्याच विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. 17 माणसं गेली. वाचलेल्यांना आमच्या चंदनसारच्या समाजमंदिरात आणून ठेवलं. इमारत अनधिकृत होती, हे महापालिकेनं सांगितलं. रहिवाशांनी मात्र घामाचे पैसे मोजून घरं घेतली होती. अशा घरांत इथं किती कुटुंबं राहतात! भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही, म्हणून बँकेचं कर्ज नाही; पाऊस वाढला की झोप नाही. बांधणारा निघून जातो, नोटीस आम्हाला येते. भेटी झाल्या असतील, निवेदनंही निघाली असतील. पण हा प्रश्न आपल्या कुठल्या जाहीरनाम्यात पहिल्या पानावर आला? शोधून कळवावं. आपल्याकडे संशोधन विभाग आहे म्हणतात.

आणि आमच्याकडे यायचंच ठरवलंत तर रविवारी सकाळी या, सोसायटीच्या मीटिंगला. शाल-श्रीफळ नको, फोटोग्राफरही नको. महापालिकेच्या फायली वाचता येतील असा एक वकील आणा आणि पुढच्या रविवारी त्यालाच पुन्हा पाठवा.

आपला,
चंदनसारचा एक मतदार