विरजण द्या की, काकू!

"काकू, वाटीभर विरजण द्या की. आमचं काल पार आंबटढाण झालं."

भूम तालुक्यात विरजण मागायचं म्हणजे गंमतच. धारा काढल्या की दूध खव्याच्या भट्टीवर जातं. कुंथलगिरीचे पेढे गावोगाव पोचतात, आणि घरच्या पोरांसाठी दह्यापुरतं दूध मागं ठेवायला बाईला भांडावं लागतं.

"ने की. पण बारक्याला देऊ नकोस गं शोभे, खोकायलंय ते. कफ होतो दह्यानं."

"आमची थोरली उदगीरच्या दुग्धतंत्र कॉलेजात शिकायलीय, ती तर म्हणती सर्दी विषाणूनं होती, दह्यानं न्हाई. उलट जित्या जंतूंचं दही-दूध खाणाऱ्यांना पडसं जरा कमीच होतं म्हणं."

"अगं बाई! मग त्या टीव्हीवरच्या इवल्याशा बाटल्या आणाव्यात का? ह्यांना बार्शीला जायचंच हाय."

"थांबा वो! २०१०ला छापून आलंय, अमेरिकेत वॉशिंग्टनकडं ३ ते ६ वर्षांची ६३८ पोरं घेतली. काहींना जंतूवालं आंबवलेलं दूध, काहींना तसलंच दिसणारं बिनजंतूचं. जंतूवालं पिणाऱ्यांचं आजारपण १९ टक्क्यांनी कमी भरलं."

"बघ! मी म्हणतेच."

"काय म्हणता? आत्ता तर कफ होतो म्हणत होता! आन् पुढचं ऐका. फरक पडला तो जास्त करून पोटाच्या दुखण्यात. शाळेचे खाडे तेवढेच. खर्च कुणाचा, तर ते दूध विकणाऱ्याचा."

काकूंनी पदरानं वाटी पुसली आणि दह्याची कवडी अलगद चमच्यावर उचलली.

"आपल्याकडं काही केलं का न्हाई कुणी?"

"केलंय की, ओडिशात. खेड्यातली साडेचार हजारांवर तान्ही बाळं. काहींना सात दिवस जंतूंची भुकटी पाजली. रक्तातला संसर्ग नि मरणं मिळून ४० टक्क्यांनी कमी, छातीचं दुखणंबी कमी. २०१७ला छापून आलं."

"मग आमच्या नातीला बोटावर दही चाटवते आजपासून."

"न्हाई न्हाई! तीन महिन्यांची हाय ती. सहा महिने नुसतं आईचं दूध. ती भुकटी निवडून घेतलेल्या एका जातीच्या जंतूची, मापून दिलेली. तुमच्या मडक्यात कोणते, किती, हे तुळजाभवानीलाच ठावं."

"मोठ्यांनी तरी खावं ना?"

"खावा की, रोज खावा, ताजं. पण कढी करून त्यातच जंतू शोधू नका. उकळी आली की ते मेले. आन् सर्दीचं औषध म्हणून तर अजिबात न्हाई."

"एवढं सगळं ऐकवलंस, आन् शेवटी म्हणतीस औषध न्हाई."

"औषध न्हाईच. छातीला जपायचं तर नातीला निमोनियाची लस द्या. सरकारी लसीकरणात फुकट मिळती. दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आन् नवव्या महिन्याला. पहिली झाली का?"

"झाली. दुसरीचं सुनेला विचारते."

"विचारा. आन् नातीचा श्वास भराभर चालायला लागला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर दही द्यावं का न्हाई हे मला विचारायला येऊ नका, दवाखान्यात न्या."